वादळ, पूर, वीज, भूकंप: आधी काय, त्या वेळी काय आणि नंतर काय (सगळं एकाच ठिकाणी, जरा सविस्तर)

एका वादळी रात्री लाइट गेली आणि मी टॉर्च शोधायला लागलो. सापडला, पण बटण दाबलं तर काहीच नाही, उघडून बघितलं तर आतले सेल कधीतरी फुटून वाहिलेले आणि सगळीकडे पांढरा थर. मोबाइल 9 टक्क्यांवर, पॉवर बँक कुठल्या कपाटात ते कुणालाच आठवेना. त्या रात्री तसं काही झालं नाही, पावसाने खिडक्या वाजवल्या आणि सकाळी सगळं शांत. पण तेव्हापासून डोक्यात एक बसलंय की हेच जर पाणी घरात शिरत असताना झालं असतं तर मी काय केलं असतं? नंतर या विषयावर बरंच वाचलं, लोकांना विचारलं, घरात बदल केले, ते सगळं इथे लिहून ठेवतोय.

वाचताना एक गोष्ट सारखी समोर आली. कितीतरी माणसं आपत्तीच्या पहिल्या तडाख्यात जात नाहीत, ती जातात "पटकन जाऊन येतो" मध्ये. गाडी हलवायला पटकन जाऊन येतो, रस्ता एवढासाच भिजलाय पटकन ओलांडतो, वादळ थांबलंय तर पत्रा बघून येतो, पाणी ओसरलंय तर मेन स्विच चालू करून बघतो. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त हे त्या पटकन वाल्या क्षणांबद्दलच आहे.

सगळ्यात आधी: आपल्याला राहायचंय की निघायचंय

हे आजच ठरवून टाका, तेव्हा ठरवू म्हणाल तर तेव्हा जमत नाही. घाबरलेलं डोकं नवीन काही ठरवत नाही, आधी ठरलेलं असेल तेवढंच करतं.

ढोबळ हिशोब असा की नुसता वारा असेल तर पक्क्या घरात आत बसायचं, पाणी येणार असेल तर तिथून निघायचं. वाऱ्याला भिंत अडवते. पाण्याला अडवत नाही, ते चढतं, आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन असतं, असे टनावर टन अंगावर येतात. चक्रीवादळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उडणारे पत्रे येतात, पण माणसं मारण्यात सगळ्यात पुढे असते ती वाऱ्याने किनाऱ्यावर ढकललेली समुद्राची फुगी. नोव्हेंबर 1970 मध्ये बंगालच्या उपसागरातून आजच्या बांगलादेशावर आलेल्या भोला चक्रीवादळात 3 लाख किंवा त्याहून जास्त लोक गेले असा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक पाण्यात. आता त्याच बांगलादेशात 2020 च्या अम्फान चक्रीवादळाच्या वेळी 20 लाखांहून जास्त लोक आधीच निवाऱ्यात हलवले होते आणि तिथला मृतांचा आकडा दोन अंकी राहिला. वादळ काही साधं नव्हतं, माणसं वेळेत निघाली होती.

तर आपलं घर कुठे आहे ते नीट बघा. खोलगट भागात आहे का, नदी, ओढा, नाला किती लांब, वर धरण आहे का, मागे डोंगराचा उतार आहे का, समुद्र किती जवळ. जुन्या शेजाऱ्यांना विचारा की पाणी आजवर कुठपर्यंत आलंय, ही माहिती कुठल्याही नकाशापेक्षा पटकन मिळते. फक्त त्यात एक धोका आहे, "आमच्याकडे इतक्या वर्षांत कधी आलं नाही" हे वाक्य. मागच्या वेळी पायरीपर्यंत आलं म्हणजे या वेळी पायरीवरच थांबेल असं पाण्याला कुणी सांगितलेलं नसतं.

मग दोन जागा ठरवा. एक घराजवळची, जिथे घाईत बाहेर पडल्यावर सगळे भेटतील, आणि एक लांबची, उंचावरची, जिथे दोन चार दिवस राहता येईल. तिथे जायचे रस्ते दोन हवेत कारण एक बुडाला तर. आणि लांबच्या गावातला एखादा नातेवाईक किंवा मित्र ठरवा ज्याला सगळ्यांनी मी ठीक आहे एवढं कळवायचं. आपत्तीत गावातल्या गावात फोन लागत नाहीत पण बाहेर लागतो असं बऱ्याचदा होतं, आणि कॉल लागत नसला तरी एसएमएस जातो कारण त्याला नेटवर्क थोडंसंच लागतं आणि तो मागून प्रयत्न करत राहतो. त्या माणसाचा नंबर कागदावर लिहा, मोबाइल बंद पडला की आपल्याला स्वतःच्या घरच्यांचेही नंबर आठवत नाहीत हे करून बघा.

घरात म्हातारं माणूस आहे, कुणी अंथरुणाला खिळलंय, ऑक्सिजन किंवा कुठलं मशीन लागतं, बाळ आहे, तर कोण कुणाला उचलणार हे नावानिशी ठरलेलं हवं. अशा घरांनी पहिल्या इशाऱ्यालाच निघायचं, बाकीच्यांची वाट बघायची नाही. पाळीव जनावर असेल तर त्याचं काय करायचं तेही आत्ताच ठरवा कारण कुत्र्याला सोडून निघवत नाही म्हणून थांबलेली माणसं खरंच असतात.

पिशवी

एक पाठीवरची सॅक, दोन्ही हात मोकळे राहतील अशी, दाराजवळ. आत काय: रोजची औषधं निदान सात दिवसांची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, चष्मा जुना का असेना, टॉर्च (सेल बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, माझ्यावरून शिका), पॉवर बँक आणि केबल, छोटा सेलवरचा रेडिओ, शिट्टी, दोरी, थोडी रोख रक्कम सुट्ट्या नोटांत कारण लाइट नसली की कार्डही नाही आणि स्कॅनही नाही, कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये, प्रथमोपचाराचं सामान, सॅनिटरी पॅड, बाळाचं सामान, एक जोडी कपडे, न शिजवता खाता येईल असं काहीतरी. शिट्टीला हसू नका, ढिगाऱ्याखाली किंवा छतावर अडकलात तर ओरडून घसा दहा मिनिटांत बसतो, शिट्टी तासन् तास वाजवता येते. तीन तीन वेळा वाजवायची.

पाणी वेगळं. माणशी दिवसाला साधारण 4 लिटर धरा, पिणं आणि अगदी जुजबी वापर मिळून, आणि कमीत कमी 3 दिवसांचं. चार माणसांचं घर असेल तर जवळपास 50 लिटर होतात, हे सॅकमध्ये मावणार नाही, ते घरात झाकणवाल्या कॅनमध्ये. वादळाचा इशारा आला की पिंप, बादल्या, टब, मोठी भांडी जे असेल ते भरून घ्या, ते पाणी संडास बाथरूमला कामी येतं कारण लाइट गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ बंद.

आणि बिछान्याजवळ चप्पल नाही, बूट ठेवा. भूकंपानंतर रात्री अंधारात उठून फुटलेल्या काचांवर पाय कापून घेणारे लोक खूप असतात.

इशारा आल्यावर

इशाऱ्याचे शब्द आणि रंग देशोदेशी वेगळे असतात पण पायऱ्या त्याच, आधी "अशी परिस्थिती तयार होतेय" आणि मग "येतंय, हालचाल करा". बरेच लोक पहिल्या पायरीला दुर्लक्ष करतात आणि दुसऱ्या पायरीला दुकानात रांगेत उभे राहतात. पहिल्या पायरीलाच मोबाइल, पॉवर बँक, इन्व्हर्टर सगळं पूर्ण चार्ज करा, गाडीत पेट्रोल भरा, गच्ची आणि बाल्कनीतल्या कुंड्या, खुर्च्या, पत्रे, सायकली आत घ्या. जोराच्या वाऱ्यात कुंडी म्हणजे तोफगोळा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात जे जागचं हललं नाही ते 120 ला उडू शकतं.

चक्रीवादळाच्या नकाशावर जो पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात त्याचा अर्थ बहुतेकांना चुकीचा कळतो. तो पट्टा म्हणजे वादळाचा मधला बिंदू कुठून कुठे जाऊ शकतो याचा अंदाज. वारा, पाऊस आणि लाटा त्या पट्ट्याच्या बाहेरही खूप लांबपर्यंत असतात, त्यामुळे आपण रेषेच्या बाहेर आहोत म्हणून निवांत राहायचं काही कारण नाही.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या गोष्टींचं काय करायचं? माझा नियम सोपा आहे, अमुक तारखेला अमुक वाजता भूकंप होणार असा मेसेज आला की तो डिलीट, कारण तारीख वेळ सांगून भूकंपाचं भाकीत आज जगात कुणीही करू शकत नाही. धरण फुटलं, पाणी सोडलं वगैरे असेल तर सरकारी यंत्रणेचं अधिकृत पेज किंवा रेडिओ बघा, मगच पुढे पाठवा. पण तुम्ही सखल भागात असाल आणि पाणी दिसायला लागलं असेल तर खात्री करत बसू नका, आधी उंचावर जा, खात्री तिथे करा.

पुराचं पाणी: इथे जरा जास्त वेळ देतो

कारण इथेच सगळ्यात जास्त अंदाज चुकतो. आपण पाणी खोलीने मोजतो आणि वेगाने वाहणाऱ्या पाण्याला खोली लागतच नाही. 15 सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या जरासं वर, एवढं जोरात वाहणारं पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. 30 सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते. 60 सेंटिमीटरला मोठ्या उंच एसयूव्ही सुद्धा वाहून जातात. गाडी जड आहे म्हणून ती टिकेल हा समज साफ चूक, कारण गाडी म्हणजे आतून हवेने भरलेला डबा, पाण्याने तो वर उचलला की चाकं रस्त्याला धरतच नाहीत. अमेरिकेत पुरात बुडून होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त हे गाडी पाण्यात घातल्यामुळे होतात असं तिथल्या सरकारी संस्था सांगतात. शिवाय खाली रस्ता आहे की वाहून गेलाय ते वरून दिसतच नाही, रात्री तर अजिबात नाही. समोरची बस गेली म्हणून आपण जायचं नाही. वळा, दुसरा रस्ता नसेल तर थांबा, ऑफिसमध्ये रात्र काढा, ओळखीपाळखीच्या कुणाकडे जा, काहीही करा.

तरी गाडी पाण्यात गेलीच तर क्रम लक्षात ठेवा: सीटबेल्ट काढा, काच खाली करा, मुलांना आधी बाहेर, मग तुम्ही. फोन लावत बसू नका, हे सगळं साधारण पहिल्या मिनिटाभरात व्हायला हवं, तोपर्यंत पॉवर विंडो सहसा चालतात. दार उघडायच्या भानगडीत पडू नका, बाहेरून पाण्याचा दाब असतो, ते उघडत नाही आणि उघडलंच तर गाडी झटक्यात भरते. काच उतरत नसेल तर बाजूची काच कोपऱ्यात फोडा, समोरची फुटत नाही. त्यासाठीचा छोटा हातोडा मिळतो, तो डिकीत नाही, हात पोचेल तिथे ठेवायचा. बाहेर पडून गाडीच्या टपावर जा.

पायी पाण्यात उतरायची वेळ आली तर लांब काठी घ्या, पुढे टेकवत चला, पाय घासत टाका, उघडी गटारं आणि मॅनहोल पाण्याखाली दिसत नाहीत. प्रवाहाने पाडलंच तर वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडात अडकला की पाणी आपल्याला तिथेच दाबून धरतं. पाठीवर व्हा, पाय पुढे, डोकं वर, आणि तिरकं तिरकं काठाकडे सरका. आणि दुसरं कुणी वाहत जाताना दिसलं तर उडी मारू नका, दोरी, बांबू, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेका. वाचवायला गेलेला आणि वाहणारा असे दोघंही गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात.

घरात पाणी शिरतंय असं वाटलं की, अजून जमीन कोरडी आहे तोवर, मेन स्विच बंद करा आणि गॅसचा रेग्युलेटर बंद करा. पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात लावायचा नाही, ती वेळ गेली असेल तर तसंच सोडून वर जा. वर म्हणजे वरचा मजला किंवा गच्ची. बंद माळ्यावर चढू नका जिथून छतावर जायला वाट नाही, पाणी चढत गेलं की माळा पिंजरा होतो. 2005 च्या कटरिना वादळात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्समध्ये असेच लोक माळ्यावर अडकले होते.

वीज

ढगांचा आवाज ऐकू आला म्हणजे तुम्ही तिच्या टप्प्यात आहात, एवढं एक कळलं तरी पुरे. पाऊस सुरू व्हायची वाट बघायची नाही, मुख्य ढगापासून 15 किलोमीटर लांबही वीज पडू शकते, तिथे कदाचित ऊन असेल. लखलखाट आणि गडगडाट यातले सेकंद मोजले तर तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर आत पळा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर 30 मिनिटं आतच थांबा. ही अर्धा तास थांबायची गोष्ट कुणी पाळत नाही, मॅच परत सुरू करतात, शेतात परत उतरतात.

आत म्हणजे वायरिंग आणि नळाचे पाइप असलेलं पक्कं बंद घर, नाहीतर पत्र्याच्या टपाची बंद गाडी. गाडीत आपण वाचतो ते रबरी टायरमुळे नाही, धातूच्या सांगाड्यातून वीज बाहेरून जमिनीत जाते म्हणून, त्यामुळे बाइकचा काही उपयोग नाही. उघडी शेड, बस थांब्याचं छप्पर, तंबू, यांनी पावसापासून वाचता येतं, विजेपासून नाही. घरात असताना नळाखाली आंघोळ, भांडी घासणं, वायरचा फोन, चार्जिंगला लावलेला मोबाइल हातात धरणं, खिडकीशी उभं राहणं हे त्या वेळेपुरतं बंद. नुसता मोबाइल वीज ओढून घेतो हे मात्र खोटं आहे.

उघड्यावरच अडकलात तर एकट्या झाडाखाली नाही, पाण्यात नाही, तारेच्या कुंपणाजवळ नाही, टेकडीच्या माथ्यावर नाही. बरीच माणसं थेट वीज अंगावर पडून जात नाहीत, झाडावर किंवा जमिनीवर पडलेली वीज जमिनीतून पसरते त्यात जातात, म्हणून गट असेल तर एकमेकांपासून लांब लांब व्हा, म्हणजे सगळे एकदम नाही पडणार आणि उरलेला मदत करू शकेल. उकिडवं बसून राहिलं की वाचतो असं पूर्वी सांगायचे, आता तो भरवशाचा उपाय धरत नाहीत, चालत राहून निवारा गाठणं जास्त चांगलं.

आणि विजेने पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो हा समज जीव घेतो. त्याच्या अंगात वीज साठलेली नसते. श्वास आणि नाडी नसेल तर लगेच छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करा, मोठ्या माणसाला 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत. असे लोक वाचतात.

चक्रीवादळात आत बसलाय तेव्हा

खिडक्यांपासून लांब, घराच्या मधल्या खोलीत, छोट्या बाथरूममध्ये किंवा जिन्याखाली. काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्यात वेळ घालवू नका, त्याने काच फुटायची राहत नाही, उलट मोठे तुकडे उडतात, फळ्या ठोकता आल्या तर ठोका. दाब सारखा व्हावा म्हणून खिडकी उघडी ठेवा असं काही लोक सांगतात, तेही करू नका, आत शिरलेला वारा छपराला खालून उचलतो.

मग एक वेळ येते जेव्हा एकदम सगळं थांबतं. आकाश उघडतं, कधी ऊन पडतं, पक्षीसुद्धा दिसतात. हा वादळाचा डोळा असू शकतो, साधारण 30 ते 65 किलोमीटर रुंद, आणि तो सरकला की वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात परत येतो. "थांबलंय, पत्रा बघून येतो" वाले इथे सापडतात. अधिकृत सूचना येईपर्यंत बाहेर पडायचंच नाही.

भूकंप

पळू नका. जमीन हलत असताना धावणारा माणूस पडतो किंवा त्याच्यावर काहीतरी पडतं, आणि बाहेर पडायच्या दाराशी वरून विटा आणि काचा येतात. खाली बसा, मजबूत टेबलाखाली शिरा, त्याचा पाय धरा आणि टेबल सरकेल तसे त्याच्याबरोबर सरका. टेबल नसेल तर आतल्या भिंतीशी डोकं आणि मान हातांनी झाकून. झोपेत असाल तर तिथेच, उशी डोक्यावर. दाराच्या चौकटीत उभं राहायचा सल्ला जुन्या घरांच्या काळचा, आताच्या चौकटी काही वेगळ्या मजबूत नसतात. बाहेर असाल तर इमारती, खांब, तारा यांपासून मोकळ्यावर. गाडीत असाल तर पुलाखाली न थांबता बाजूला घ्या आणि बेल्ट लावून आतच बसा.

हलणं थांबलं की बूट घाला, गॅसचा वास येतोय का बघा, येत असेल तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही, काडी नाही, खिडक्या उघडून बाहेर. लिफ्ट नाही. नंतरचे धक्के येणारच असं धरूनच चला, तडे गेलेल्या घरात सामान आणायला पटकन जाऊन येतो हे इथेही नको.

आधी करायचं काम एकच पण महत्त्वाचं: कपाटं, फ्रीज, टीव्ही, गीझर भिंतीला पट्ट्यांनी बांधा आणि बिछान्याच्या वर जड फोटो किंवा शेल्फ ठेवू नका. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

समुद्राजवळ असाल तर जोराचा किंवा 20 सेकंदांहून लांबलेला धक्का हाच इशारा, भोंगा वाजायची वाट बघू नका. पाणी अचानक मागे जाऊन तळ उघडा पडला तर शंख शिंपले बघायला जायचं नाही, उलट्या दिशेने, 30 मीटर उंच किंवा 3 किलोमीटर आत, चालत. गाड्यांचा रस्ता लगेच तुंबतो. लाट एक नसते, तासन् तास येत राहतात आणि पहिली सगळ्यात मोठी असेलच असं नाही. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत सव्वादोन लाखांहून जास्त माणसं गेली, पण भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळच्या सिमेउलुए या इंडोनेशियाच्या बेटावर, जिथे पाऊण लाखाच्या आसपास लोक राहत होते, हातावर मोजण्याइतकेच गेले. तिथे 1907 साली मोठी लाट आली होती आणि म्हाताऱ्यांनी "स्मोंग" असा शब्द आणि त्याच्या गोष्टी नातवंडांपर्यंत पोचवल्या होत्या: जमीन जोरात हलली, समुद्र मागे गेला, की डोंगरावर पळ. कुठलंही यंत्र नव्हतं.

डोंगराचा उतार आणि ऊन, थोडक्यात

उतारावर घर असेल तर खुणा बघा: जमिनीला नव्या भेगा, झाडं खांब कुंपण कललेली, दारं खिडक्या अचानक अडकायला लागणं, ओढ्याचं पाणी एकदम गढूळ होणं किंवा भर पावसात एकदम कमी होणं. हे शेवटचं सगळ्यात वाईट, म्हणजे वर कुठेतरी मातीने पाणी अडवलंय. तेव्हा रात्र असली तरी निघा, आणि घसरणीच्या वाटेतून आडवं बाजूला, खाली नाही.

उष्णतेची लाट दिसत नाही म्हणून तिला कुणी आपत्ती मानत नाही, पण युरोपात 2003 च्या उन्हाळ्यात 70,000 हून जास्त लोक गेले, बरेचसे म्हातारे, एकटे, बंद घरात. म्हणून एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याच्या दारावर दिवसातून दोनदा टकटक करा. उन्हाने माणूस बडबडायला लागला, गोंधळला, अडखळायला लागला, बेशुद्ध पडला, अंग भाजतंय, तर हा उष्माघात. आधी थंड करणं, हलवणं नंतर. सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाणी ओता, टबात बसवता आलं तर बसवा, काखेत मानेवर जांघेत बर्फ, वारा घाला आणि ॲम्ब्युलन्स बोलवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं.

सगळं संपल्यावर (संपलेलं नसतं)

तुटलेली तार मेलेली आहे असं कधीही धरू नका. निदान 10 मीटर लांब, आणि तार पाण्यात पडली असेल तर त्या पाण्यापासूनही. तार गाडीवर पडली तर आतच बसा आणि वीज कंपनीला बोलवा. आगच लागली तर दोन्ही पाय जोडून उडी मारा, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी स्पर्श होता कामा नये, आणि मग पाय जमिनीवरून न उचलता घासत लांब जा, कारण जमिनीतही वीज पसरलेली असते आणि मोठं पाऊल टाकलं की दोन पायांमधून ती वाहते.

भिजलेलं वायरिंग, फ्रीज, मिक्सर, काहीही इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय चालू करायचं नाही, वरून सुकलं तरी नाही.

जनरेटर घरात नाही, बाल्कनीत नाही, गॅरेजमध्ये दार उघडं ठेवूनही नाही. बाहेर, दारं खिडक्यांपासून 6 मीटर तरी लांब. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस म्हणतो दमलोय झोपतो जरा आणि उठत नाही. 2020 च्या लॉरा वादळात अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात जे लोक गेले त्यातले बरेचसे या धुराने गेले, वाऱ्याने किंवा पाण्याने नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून बसलात तरी तेच होतं.

पाणी उकळून प्या, खळखळ उकळी एक मिनिट, खूप उंचावर, 2,000 मीटरच्या वर राहत असाल तर तीन मिनिटं. उकळता येत नसेल तर कापडातून गाळून, बिनवासाचं घरगुती ब्लीच (5 ते 6 टक्के क्लोरीनचं) लिटरला 2 थेंब, गढूळ असेल तर 4, ढवळून अर्धा तास ठेवा. पण पाण्यात पेट्रोल किंवा केमिकल मिसळलं असेल तर उकळूनही जात नाही, ते टाकूनच द्यायचं. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा छोटा, चहाचा. मीठ जास्त झालं तर उलट अपाय, अंदाजपंचे टाकू नका.

फ्रीज न उघडता 4 तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास, अर्धा भरलेला 24. त्यानंतर वास घेऊन ठरवायचं नाही, टाका. पुराचं पाणी लागलेलं खाणं, झाकण घट्ट असलं तरी, बुचाच्या बाटल्यांसकट गेलं.

साफसफाईला जाड गमबूट, रबरी हातमोजे, मास्क. त्या पाण्यात गटार, जनावरांचं मूत्र, गंजके खिळे, कधी साप सगळं असतं. पायाला छोटी जखम असली तरी झाकूनच उतरा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघा आणि नंतरच्या दोन तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना "पुराच्या पाण्यात उतरलो होतो" हे आपणहून सांगा, लेप्टोस्पायरोसिस (जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा आजार) साध्या तापासारखाच सुरू होतो. गाद्या, सोफे, भिजलेलं प्लायवूड एक दोन दिवसांत बुरशी धरतं, वाचवायचा मोह सोडा, पण फेकायच्या आधी सगळ्याचे फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा पण, भरपाई आणि विम्याला तेच लागतात.

ती रेषा पुसायच्या आधी भिंतीवर किंवा दाराच्या मागे खिळ्याने एक खूण करून तारीख लिहून ठेवा. आमच्या टॉर्चचे सेल आता वेगळ्या पिशवीत आहेत आणि वाढदिवस आला, काहीही निमित्त झालं की वर्षातून दोनदा ती सॅक उघडून औषधांच्या तारखा बघतो. मागच्या वेळी मुलाचे कपडे बघितले तर दोन साइज लहान झाले होते.